शिंदवणे ते आंबळे

सकाळच्या पॅसेंजरमधून आम्ही दोघंच उतरलो
आणि दुधाचे चार कॅन, रिकामे.
गार्डनं झेंडा जरा थांबून हलवला.
त्याला वाटलं असावं, चुकून उतरलेत.

ऐनुद्दीनचाचा म्हणाले, गाडीला इथून अठरा मिनिटं,
आपल्याला दिवस.
गुडघा त्र्याहत्तर वर्षांचा,
काठी कालच घेतलेली, बोहरी आळीतून,
तिच्यावरची किमतीची चिठ्ठी अजून तशीच.

ते इथे पॉइंट्समन होते, माझे वडील मास्तर.
लाइन तेव्हा एकेरी.
दोन स्टेशनांमधला सगळा डोंगर, बोगद्यांसकट,
एका लोखंडी गोळ्यात मावायचा.
वेताचं कडं, त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत गोळा.
ज्याच्या हाती गोळा, त्याचीच लाइन.
तोवर दुसरं कुणी यायचं नाही.

गोळा यंत्रातून आपोआप सुटत नसे.
आधी आंबळ्याच्या मास्तरांना विचारायचं,
त्यांनी हो म्हणायचं.
बिडवे त्यांचं नाव.
अकरा वर्षं वडील रोज त्यांच्याशी बोलले.
गाडी नंबर, वेळ, आणि मध्येच
तुमच्याकडे पडला का हो, आमच्याकडे नुसतं भरून आलंय,
मुलीला गोवर निघालाय (ती मी),
कांदा काय भाव.
भेटले कधीच नाहीत.
एक ड्युटीवर, तर दुसराही ड्युटीवरच.
वडील म्हणायचे, एक दिवस डोंगरावरून चालत जाईन,
रुळांनी नको, रूळ सरकारचे.

पाऊलवाट बाभळींतून वर चढते, मग कुसळांत हरवते.
मार्गशीर्षातलं गवत, वाळून गंजाच्या रंगाचं.
चाचा दर वीस पावलांनी थांबत,
थांबण्यासाठी दर वेळी एक कारण काढत:
तो बघा कापशी घार. ती बघा उरुळी.
इथं एकदा म्हैस कटली होती.

माथ्यावर शेळ्या, आणि शेळ्यांमागून एक बाई.
खाली आगगाडी हाये की, मंग चालत का?
चुकली, चाचा म्हणाले.
तिनं आमच्याकडे असं पाहिलं, जणू
सकाळपासून दोनदा खोटं ऐकलं होतं.
मग ओंजळभर बोरं दिली.
फुडं वाट मोडलीया, म्हणाली,
पलाट पाडल्यात. तारंखालनं जावा.

खरंच, पुढे पांढरे खांब, लाल आकडे,
कुणाच्या तरी स्वप्नातल्या घराचा कुसळांनी भरलेला चौकोन.
सत्तावीस नंबरात बसून आम्ही भाकरी खाल्ली.
खाता खाता जमीन हलली,
म्हणजे आधी डब्याचं झाकण वाजलं.
पायाखालून मालगाडी चालली होती.
चाचांनी घास तसाच धरला आणि वाघिणी मोजल्या,
आवाजावरून,
अठ्ठावन्न,
मग म्हणाले, नक्की नाही आता, कान गेलेत.

उतरताना त्यांनी माझा खांदा धरला.
अंजिराच्या बागेत कुणीतरी पंप चालू केला.

आंबळ्याचा फलाट उंच केलाय.
लाइन दुहेरी, वर विजेच्या तारा,
गोळा केव्हाच जमा झाला कुठल्या तरी डेपोत.
जुन्या क्वार्टरला दार नाही, आत कडबा.
खिडकीतल्या पोरीला विचारलं, बिडवे?
कोणत्या गाडीनं येणार आहेत, ती म्हणाली.

मी बाकावर बसले.
काय करायचं असतं अशा वेळी, ठाऊक नव्हतं.
चाचांनी मात्र चप्पल काढून, काठी भिंतीला टेकवून,
खिडकीकडे पाठ करून
हळूच काहीतरी पुटपुटलं.
दुआ होती की गाडी नंबर,
मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत ते लगेच झोपले.
बोगदे आले, गेले.
मी मोज्यांतली कुसळं काढत बसले होते,
शिंदवणे कधी मागे पडलं, कळलं नाही.
शेवटचं कुसळ हडपसरला निघालं.